नाशिकच्या आकाशातली ती उडी : स्कायडायव्हिंग म्हणजे काय, धोका किती आणि जखमी जवानाचा मान कशात?

अहिल्यानगर : २८ मार्च २०१९. आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये एक माजी लष्करी अधिकारी आकाशातून एकट्याने उडी मारून सुखरूप जमिनीवर उतरला. पॅराशूटने उतरणारे जवान नाशिककरांना नवे नाहीत. पण या माणसाला उजवा पाय नव्हता. नाव मेजर देवेंदर पाल सिंग. कारगिलच्या लढाईत जखमी झालेले, डोग्रा रेजिमेंटचे अधिकारी. एकट्याने स्कायडायव्हिंग करणारी आशियातली ही पहिली दिव्यांग व्यक्ती, असं लष्कराने त्या वेळी जाहीर केलं.

बातमी दोन दिवस मोबाईलवर फिरली आणि मागे पडली. पण आपल्या जिल्ह्यात गावोगावी फौजी आहेत, नगरला रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाईज्ड इन्फंट्रीचं सेंटर आहे, आणि पाय, डोळा किंवा कंबर गमावून घरी आलेले जवानही आहेत. म्हणून ती उडी नेमकी काय होती, तिच्यात जीव कशाच्या भरवशावर टाकला जातो, आणि जखमी जवानाला खरा मान कशाने मिळतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

मेलेला म्हणून बाजूला ठेवलेला माणूस

१५ जुलै १९९९. जम्मूतला अखनूर भाग. तोफगोळा मेजर सिंग यांच्या अगदी जवळ येऊन फुटला. रुग्णालयात आणलं तेव्हा त्यांना मृत ठरवण्यात आलं होतं. दुसऱ्या एका डॉक्टरच्या लक्षात आलं की अजून धुगधुगी आहे. जीव वाचला, पण जखमेत गँगरीन झालं आणि उजवा पाय कापावा लागला. गोळ्याचे बरेच बारीक तुकडे आजही त्यांच्या अंगात आहेत. तेव्हा वय पंचविशीचं.

पुढची दहा वर्षं कृत्रिम पायाने चालायला शिकण्यात गेली. २००९ मध्ये ते दिल्लीच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये पळाले. नंतर धावण्यासाठी खास बनवलेलं वाकडं पातं, ज्याला ब्लेड म्हणतात, ते मिळालं आणि लोक त्यांना भारताचा ब्लेड रनर म्हणू लागले. २०११ मध्ये त्यांनी हात-पाय गमावलेल्यांसाठी 'द चॅलेंजिंग वन्स' नावाचा गट सुरू केला.

लष्कराने २०१८ हे वर्ष कर्तव्यावर असताना दिव्यांगत्व आलेल्या सैनिकांसाठी पाळलं होतं. मेजर सिंग यांनी स्कायडायव्हिंगची परवानगी मागितली आणि तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या कार्यकाळात ती मिळाली. १८ मार्चपासून नाशिकला प्रशिक्षण सुरू झालं आणि दहा दिवसांनी उडी झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. लष्कराने त्यांना शाल-श्रीफळ देऊन 'तुम्ही खूप केलं, आता आराम करा' असं म्हटलं नाही. दहा दिवस शिकवलं, तपासलं आणि मग विमानाच्या दारात उभं केलं. सत्कार आणि संधी यातला फरक तो हाच.

उडी असते तरी कशी?

पॅराशूटच्या उडीचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली फौजेची नेहमीची उडी. यात पॅराशूटला बांधलेली एक पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. जवानाने उडी मारली की ती पट्टी ताणली जाते आणि पॅराशूट आपोआप उघडतं. उंची कमी असते, साधारण बाराशे फुटांच्या आसपास. २०१५ मध्ये महेंद्रसिंह धोनीने आग्र्याला पाच उड्या पूर्ण करून छातीवर पॅराचा बिल्ला लावला, त्या याच प्रकारच्या.

दुसरी टँडम उडी. पैसे भरून हौस म्हणून जे लोक उडी मारतात ती बहुतेक हीच. हौशी माणूस पुढे आणि प्रशिक्षक मागे, दोघं एकाच पट्ट्यात करकचून बांधलेले. पॅराशूट मोठं आणि सगळं काम प्रशिक्षकाचं. आपण फक्त सांगितलं तेव्हा पाय वर उचलायचे.

तिसरी एकट्याने मारायची उडी, म्हणजे खरं स्कायडायव्हिंग. मेजर सिंग यांनी मारली ती ही. विमानातून बाहेर पडल्यावर माणूस काही वेळ नुसताच खाली पडत राहतो. पॅराशूट आपल्या हाताने उघडायचं असतं.

उंचीचा अंदाज येण्यासाठी अकोले तालुक्यातलं आपलं कळसूबाई डोळ्यासमोर आणा. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. जमिनीपासून तेवढ्या उंचीवर आणखी एक कळसूबाई ठेवली तर जी उंची होईल, साधारण तिथून हौशी लोक उड्या मारतात. पहिले हजार फूट पडायला दहा सेकंद लागतात. मग वेग वाढून ताशी १९० ते २०० किलोमीटरवर जातो आणि तिथेच थांबतो, कारण खालून हवा तेवढ्याच जोराने अडवते. त्यापुढे दर हजार फुटाला साडेपाच सेकंद. दहा हजार फुटांवरून उडी मारून पाच हजारावर पॅराशूट उघडायचं असेल तर मध्ये मिळतो जेमतेम अर्धा मिनिट.

आणि पाच हजारावर काहीच उघडलं नाही तर? जमीन अठ्ठावीस सेकंदांवर आली. मोटारीचा स्टार्टर दाबून विहिरीचं पाणी पाईपातून बाहेर यायलाही कधी कधी तेवढा वेळ लागतो.

जीव कशाच्या भरवशावर?

बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं धाडसाचं काम. जाणकार मात्र धाडसाचं फार कौतुक करत नाहीत. ते तपासणीचं कौतुक करतात.

पाठीवरच्या पिशवीत एक नाही, दोन पॅराशूट असतात. एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य नीट उघडलं नाही, दोऱ्यांचा गुंता झाला, तर आधी एक हँडल ओढून ते पूर्ण सोडून द्यायचं आणि मग दुसरं हँडल ओढून राखीव उघडायचं. हा क्रम उलटा झाला तर दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून जमिनीवर हा क्रम शेकडो वेळा घोटून घेतात. वर गेल्यावर विचार करायला वेळ नसतो, हाताला सवय असावी लागते.

मुख्य पॅराशूटची घडी उडी मारणारा स्वतः घालू शकतो. राखीवची घडी मात्र परवानाधारक कारागीरच घालतो. अमेरिकेत तर उडी मारो न मारो, राखीव दर १८० दिवसांनी उघडून, तपासून, पुन्हा घडी करून सील लावावं लागतं. आपण फवारणी पंप वर्षभर कोपऱ्यात टाकून देतो आणि गरज पडली की वॉशर गेलेला सापडतो. इथे तसं चालत नाही.

तिसरी राखण एका छोट्या यंत्राची. १९९१ मध्ये जर्मनीत सायप्रेस नावाचं यंत्र बाजारात आलं. माणूस बेशुद्ध पडला, गोंधळला किंवा त्याचा हात पोचला नाही आणि साधारण ७५० फुटांपर्यंत तो वेगाने पडतोच आहे, तर हे यंत्र राखीव पॅराशूटचा बंद आपोआप कापतं आणि ते उघडतं. या एका यंत्राने कितीतरी जीव वाचवले आहेत.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्कायडायव्हिंगमध्ये वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त माणसं दगावत होती. २०२३ मध्ये साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू झाले दहा. म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त उड्यांमागे एक. हे तिथल्या संघटनेचे आकडे आहेत आणि तिथे नियम कडक आहेत. कुठल्याही जत्रेत, कुठल्याही दोरीवर हा हिशोब लावू नका.

आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. बरेचसे मृत्यू पॅराशूट उघडलं नाही म्हणून होत नाहीत. पॅराशूट चांगलं उघडलेलं असतं आणि अपघात होतो तो उतरताना. जमिनीजवळ आल्यावर जोरात वळण घेतलं की पॅराशूट एकदम खाली झेपावतं आणि माणूस जमिनीवर आदळतो. अशी वळणं नवखे फार घेत नाहीत, सरावलेले घेतात. मोटारसायकलचं जसं आहे, शिकाऊ हळू चालवतो आणि दोन वर्षं झालेला कट मारतो, तसंच हे.

हवेचाही मोठा वाटा असतो. नवशिक्याला अमेरिकेत ताशी बावीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर उडीच मारू देत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी माळावर ज्या वावटळी उठतात, त्यांना जगभरचे स्कायडायव्हर घाबरतात. गरगरत्या हवेत सापडलेलं पॅराशूट दुमडतं. त्यात विजेच्या तारा आणि कठडा नसलेल्या विहिरी. नगर-पाथर्डी पट्ट्यातला माळ वरून मोकळा दिसतो, पण उतरणाऱ्याला या दोन्हींची धास्ती राहणारच.

तरीही चूक होते

एवढं सगळं असून माणसं जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. भारतीय हवाई दलाची 'आकाशगंगा' ही स्कायडायव्हिंग टीम १९८७ पासून आहे. देशातले सगळ्यात अनुभवी लोक तिच्यात आणि आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये असतात. तरी २०२५ मध्ये फेब्रुवारी आणि एप्रिल अशा दोन महिन्यांत आग्र्याला हवाई दलाचे दोन वॉरंट ऑफिसर सरावाच्या उडीत गेले. दोघेही इतरांना शिकवणारे होते. सीमेवर मरण आलं की गावात मिरवणूक निघते, बॅनर लागतात. सरावात गेलेल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळीत संपते. दोघांनी केलं ते देशाचंच काम होतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. तिथल्या लष्कराच्या 'गोल्डन नाईट्स' टीमचा डॅना बोमन हा जवान. फेब्रुवारी १९९४ मध्ये सरावात तो आणि त्याचा साथीदार हवेतच एकमेकांवर आदळले. साथीदार गेला. बोमनचे दोन्ही पाय तुटले. नऊ महिन्यांनी तो पुन्हा लष्करात भरती झाला, पॅराशूटने उडी मारूनच. दोन्ही पाय नसताना पुन्हा सेवेत आलेला तो तिथला पहिला सैनिक मानला जातो. पुढे अमेरिकेत जखमी सैनिकांना उडी मारायला नेणाऱ्या संस्थाच उभ्या राहिल्या.

पाय नसलेल्याला उडीत वेगळं काय करावं लागतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. पडताना अंगावर हवेचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा लागतो म्हणून माणूस सरळ राहतो. एका बाजूला पाय कमी किंवा वजन वेगळं असेल तर अंग गरगरा फिरायला लागतं. ते हातांनी आणि खांद्यांनी सावरायला शिकावं लागतं. कृत्रिम पाय असा बांधावा लागतो की काहीही झालं तरी निसटू नये, कारण तो वरून पडला तर खालच्या माणसाचा जीव जाईल. उतरताना धावत उतरता येत नाही, तेव्हा पाय पुढे घेऊन बसक्या अंगाने घसरत उतरायचं. म्हणजे बाकी सगळे नियम तेच, त्यावर ही जास्तीची तयारी.

मराठी माणसाचं आकाशाशी नातं

पॅराशूट म्हटलं की आपल्याकडे पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव निघतं. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी मारली, तीही थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश थंडीत. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली, तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलवरही आला असेल. त्यात बघायची गोष्ट साडी नाही, साडी कशी बांधली होती ती आहे. पॅराशूटच्या हँडलवर किंवा पट्ट्यावर कापडाचं एक टोक आलं तरी जीवावर बेततं.

त्याच्याही आधीचा इतिहास फौजेचा. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी बांगलादेशात टांगाईलजवळ २ पॅरा या पलटणीचे सुमारे सातशे जवान विमानांतून उतरले. ही पलटण मूळची मराठा लाईट इन्फंट्रीची, म्हणून तिच्या नावापुढे आजही 'मराठा' लागतं. माघारी ढाक्याकडे निघालेल्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवण्यासाठी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. तो घेतला. दुसऱ्या दिवशी १ मराठाचे जवान जमिनीवरून लढत येऊन त्यांना मिळाले. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ही पलटण होती.

पुण्यातली तीन दारं

युद्ध संपतं. जखमी घरी येतात. पुढे काय?

आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर पुण्यात याचं उत्तर देणाऱ्या तीन जागा आहेत आणि आपल्या कितीतरी फौजी घरांना त्या माहीत नाहीत. पहिलं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, म्हणजे कृत्रिम अवयव केंद्र. १९४४ पासून तिथे कृत्रिम हात-पाय बनतात आणि ते वापरायला शिकवतात. दुसरी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये ती मुंबईत सुरू झाली आणि नंतर खडकीला आली. दिव्यांग जवानांना नवा हुन्नर शिकवून कामाला लावणं हे तिचं काम. तिसरं खडकीचंच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. मणक्याला मार लागून कंबरेखाली किंवा मानेखाली हालचाल गेलेले जवान तिथे राहतात. व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात.

मणक्याची जखम म्हणजे आयुष्य संपलं असं वाटत असेल तर मुरलीकांत पेटकर आठवा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमईत होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात विमानातून झालेल्या गोळीबारात गोळ्या लागल्या, कंबरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी उपचार म्हणून पोहायला सांगितलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. मध्ये ४६ वर्षं गेली. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला तेव्हा कुठे राज्यातल्या पोरांना त्यांचं नाव कळलं. आपण मान देतो, पण फार उशिरा देतो.

गावात काय करता येईल?

स्वातंत्र्यदिनाला जखमी फौजीला व्यासपीठावर बसवायचं आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत म्हणून दोघांनी उचलून आणायचं, हे दृश्य नवं नाही. एक रॅम्प बांधायला किती सिमेंट लागतं? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. हा पैसा दरवर्षी कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं. विचारा.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती घरपट्टी माफ करण्याची योजना राज्याने २०२० मध्ये आणली. तिला बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना म्हणतात. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो.

पेन्शनचा भाग जरा किचकट आहे. दिव्यांगत्व लष्करी सेवेमुळे आलं की सेवेमुळे वाढलं, आणि मेडिकल बोर्डाने किती टक्के लिहिलं, यावर सगळं ठरतं. वीस टक्के ही महत्त्वाची रेष. शत्रूशी लढताना झालेल्या जखमेचे, म्हणजे वॉर इन्ज्युरीचे, दर वेगळे आणि जास्त असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले, त्यामुळे गावातल्या जुन्या पेन्शनरचा हिशोब नव्या पोराला लागू होईलच असं नाही. दावा नाकारला तर अपील करता येतं, आणि त्यानंतरही सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. मेडिकल बोर्डाचे आणि डिस्चार्जचे कागद हरवू देऊ नका. शक्य झालं तर आजच फोटो काढून ठेवा.

शाळेत दर ७ डिसेंबरला पोरांच्या खिशाला ध्वजदिनाचा छोटा झेंडा टाचतात. ते १९४९ पासून चालू आहे. तो पैसा शहिदांच्या घरच्यांसाठी, माजी सैनिकांसाठी आणि जखमींसाठी वापरला जातो. पोरांना हे सांगितलं जात नाही, म्हणून ती घरून दोन रुपये आणतात आणि झेंडा दुपारपर्यंत वर्गात पडलेला असतो.

उडी मारायचीच असेल तर

आपल्या जिल्ह्यात रोज चालणारं स्कायडायव्हिंग केंद्र नाही. पण पोरं बाहेर जातात, इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून पैसे भरतात. केंद्र सरकारचं हवाई खेळांचं धोरण २०२२ मध्ये आलं, राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये. राज्यात असे खेळ चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका. प्रशिक्षकाचा परवाना कुठला, राखीव पॅराशूटची घडी कोणत्या तारखेला घातली, ते आपोआप उघडणारं यंत्र आहे का, विमा आहे का, एवढं विचारा. चांगला माणूस आनंदाने दाखवेल. 'कशाला घाबरतो, काही होत नाही' असं उत्तर आलं तर पैसे परत घेऊन घरी या. समुद्रकिनाऱ्यावरच्या पॅरासेलिंगला आणि पॅरामोटरलाही हेच प्रश्न लागू आहेत. दारू पिऊन, सर्दीने कान गच्च असताना, किंवा पाठीचं जुनं दुखणं असताना जाऊ नये.

आणि कधी एखादा पॅराशूटवाला वाट चुकून तुमच्या शेतात उतरला तर? कापड वाऱ्याने फुगत असेल आणि माणूस फरफटत असेल, तर कापडाची एकच कड धरून ती माणसाकडे ओढा, हवा निघून जाते. विजेच्या तारेत अडकला असेल तर त्याला, दोरीला, कापडाला कशालाच हात लावू नका. आधी महावितरणला फोन करून लाईन बंद करायला सांगा. ११२ वर कळवा.

जखमी असेल तर उचलून जीपमध्ये घालायची घाई करू नका. मणका मोडलेला असेल आणि चार जणांनी हात-पाय धरून उचललं, तर जी हालचाल शिल्लक होती तीही जाते. डोकं आणि मान सरळ रेषेत धरून ठेवा, अंगावर काहीतरी पांघरा, बोलत राहा आणि १०८ ची वाट बघा. नारळाच्या, चिंचेच्या झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसालाही हेच करायचं. पॅराशूटवाला आपल्या शेतात आयुष्यात एकदाही उतरणार नाही कदाचित, पण झाडावरून पडलेला माणूस दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात असतो.

ज्या घरात जखमी जवान आहे आणि वर सांगितलेलं काहीच अजून मिळालेलं नाही, त्यांनी नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, मेडिकल बोर्डाचा कागद, आधार आणि बँक पासबुक यांच्या प्रती घेऊन जावं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड नसेल तर ऑनलाईन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. जवानाला स्वतः जाता येत नसेल तर घरच्या कोणीही आधी जाऊन चौकशी करावी.